गुणी बाळ

बँकेत गेले तर नुसता पासपोर्ट चालत नाही म्हणाले, भाड्याचा करार आणा. पार्सल ऑफिसात जेवणाची सुट्टी. औषधाच्या दुकानात तर मी काय मागतेय तेच कुणाला कळेना. परक्या देशातली ही वणवण कमी होती म्हणून की काय, माझ्या लेकाने सकाळपासून भोकाड पसरलेलं.

आणि प्रत्येक रांगेत माझ्या मागे तीच बाई, तिची पडदा ओढलेली बाबागाडी. आतून हूं की चूं नाही. माझा नुसता जळफळाट होत होता. हिलाच बरं मेलं असं गुणी लेकरू मिळतं!

"भूक लागली असेल हो त्याला," शेवटी ती म्हणाली. चक्क मराठीत!

आनंद व्हायचा सोडून मी फणकारले, "तुमचं बरंय. तुमचं कसं शहाण्यासारखं झोपलंय."

तिने पडदा सारला. आत बटाटे, पाव आणि कपडे धुण्याची पावडर होती.

"नोकरीपायी तान्ह्या लेकीला आईकडे ठेवून आलेय. गाडी तेवढी इथे राहिली."

मी पिशवीत लेकाची दुधाची बाटली शोधू लागले.


"रागावू नका हं," ती म्हणाली, "याचं रडणं ऐकायलाच सकाळपासून तुमच्या मागे मागे फिरतेय."