निळी थाळी

"मावशी पहिल्या घासाला ओळखेल," लेक म्हणाली, "आणि मग आपलं काही खरं नाही."

बेकरीवालीने पीठ चाळणं थांबवलं नाही. लेकीचं म्हणणं तिला पटलं होतं.

भांडाराच्या मासिक वार्तापत्रात बातमी आली होती, तीही टोमॅटोच्या भावाखाली. पावाच्या फळीसाठी दुसरा अर्ज आला आहे, तेव्हा निकाल चवीवर लागेल. भांडार सभासदांच्या मालकीचं. गल्ल्यावर बसायचं सभासदांनी आणि फरशी पुसायची तीही सभासदांनीच. साहजिकच तिथे प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असे. भांडणं वाढू नयेत म्हणून जुन्या मंडळींनी पद्धत घालून दिली होती. एका मालाला एकच फळी आणि एकच पुरवठादार. दोघे आले तर चव-समितीने कडा काढलेले तुकडे खायचे आणि मत द्यायचं. माल कुणाचा, हे आधी कुणाला सांगायचं नाही.

बेकरीवालीचा बहुतेक पाव याच फळीवरून जायचा. फळी गेली की भट्टी विझली, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नवा बेकर तरणा होता, मोठ्या हॉटेलात काम शिकून आलेला. गेले काही महिने तो रोज भांडारात येऊन तिचाच पाव विकत न्यायचा. उणं काढायला नेत असेल, असं ती म्हणायची. असल्या शिकल्यासवरल्या माणसाचा पाव काहीतरी न्याराच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. त्याची तिला फारशी भीतीही नव्हती. भीती होती ती समितीत बसलेल्या थोरल्या बहिणीची.

आई गेल्यावर आईची भट्टी कुणाकडे राहावी यावरून दोघींचं बिनसलं होतं. भट्टी धाकटीकडे आली आणि अबोला दोघींच्या वाट्याला. भांडारात दोघींची पाळी एकत्र आली की एक पुढे धान्य तोलायची आणि दुसरी मागे खोकी रचत बसायची. अगदीच अडलं तर भांडारातल्या मांजराला सांगायचं, "तिला म्हणावं, काटा मोकळा कर." मांजर दोघींचंही ऐकून घ्यायचं आणि झोपायचं.

आईची रीत साधी होती. कालचा उरलेला पाव भिजवून कुस्करायचा आणि आजच्या कणकेत मळायचा. त्याने पावाला एक आंबूस, खरपूस चव येते. त्या पावावर दोघी वाढल्या होत्या. थोरलीला झोपेतून उठवून घास भरवला असता तरी तिने तो ओळखला असता.

म्हणून बेकरीवालीने चवीच्या सभेसाठी दूध, लोणी आणि मध घालून मऊ, गोडसर पाव भाजला. चांगला झाला होता. लेकीने दोन तुकडे खाल्ले आणि आणखी मागितला. बेकरीवालीने मात्र चाखण्यापुरताही तोंडात घातला नाही. आईची रीत तिने पहिल्यांदाच मोडली होती आणि तिला फार वाईट वाटत होतं.

सभेच्या दिवशी भांडाराच्या मागच्या खोलीत दोन्ही बेकरांनी आपापल्या पावाचे तुकडे आपापल्या थाळीत मांडले. मध्ये पडदा होता, एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून. तिच्या वाट्याला पिवळी थाळी आली, त्याच्या वाट्याला निळी. थाळ्या झाकून आत गेल्या. समिती आतल्या खोलीत आणि बाकीचे बाहेर खुर्च्यांवर. कुणीतरी लसणाच्या टंचाईचा विषय काढला आणि तो बराच वेळ पुरला.

दार उघडायला वेळ लागला. आतून चढे आवाज ऐकू आले, त्यात थोरलीचा सगळ्यात चढा. बेकरीवालीने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली.

अध्यक्षबाई बाहेर आल्या. त्या आधी शाळेत शिकवायच्या आणि सभेलाही वर्गच समजायच्या. त्यांचा एक नियम होता: टाळ्या पदार्थाला वाजवायच्या, माणसाचं नाव चहानंतर. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, "निळी थाळी. एका मताच्या फरकाने."

टाळ्या वाजल्या. बेकरीवालीनेही वाजवल्या, कारण वाजवल्या नसत्या तर सगळ्यांना कळलं असतं. रीत बदलली तरी हात कसा बदलणार, थोरलीने ओळखलंच, असं तिच्या मनात आलं. तिला रडू आलं नाही, राग आला. आईच्या भट्टीवर हक्क सांगणाऱ्या बाईनेच ती विझवली होती. लेक कानाशी म्हणाली, घरी जाऊ या. बेकरीवाली उठली.

तेवढ्यात थोरली खुर्च्यांमधून वाट काढत आली. लोक बाजूला झाले, कारण या दोघी समोरासमोर आलेल्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. थोरलीचे डोळे भरले होते. तिने धाकटीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "सगळे त्या दुसऱ्या गोड पावाच्या मागे लागले होते. मी एकेकाशी भांडले. अगं, जिभेवर ठेवताच कळलं मला, हा आईचा पाव. निळीला पडलेलं ते शेवटचं मत माझं. आता तरी बोलशील ना माझ्याशी?"