राणीछाप

सराफांच्या गुजरीतल्या आपल्या चांदीच्या दुकानात शिवशरण गिऱ्हाइकाला नुसता दागिना कधी देत नसे, आधी चार गोष्टी ऐकवी. १९९८च्या दिवाळीआधी मूळ गाव शोधत मॉरिशसहून आलेले राघोजी त्याच्या तावडीत सापडले.

"तुमच्याकडंबी रुपयाच न्हवं? नेपाळात रुपया, लंकेत रुपया. रुपं म्हंजे चांदी, त्यातनं आलंय हे नाव. आणि तुमची माणसं तिकडं गेली तवा अख्ख्या गुजरीत चांदीचं दुकान एकच, आमच्या पणजोबाचं!"

राघोजींनी रुमालात बांधलेला राणीछाप रुपया काढला. त्यांचे पणजोबा बोटीत चढले तेव्हा हा एवढाच त्यांच्या कनवटीला होता. घरच्या देव्हाऱ्यात त्याची अजून पूजा होत होती.

शिवशरणनं सवयीनं तो दगडावर वाजवला. बद्द आवाज आला. पुन्हा वाजवला, पुन्हा बद्द.

"निव्वळ शिसं हाय की हो, पावणं! कुणीतरी गंडवलं की तुमच्या पणजोबाला. कुठनं घेतलता ह्यो?"

"पणजोबांनी बायकोचे चांदीचे तोडे मोडले होते," राघोजी शांतपणे म्हणाले. "इथेच, गुजरीत."

शिवशरणनं भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीकडं पाहिलं. सकाळीच घातलेला हार त्यानं उगाच जरा सरळ केला. मग रुपया रुमालात नीट बांधून दोन्ही हातांनी परत दिला.



"समुद्राच्या हवेनं चांदीचा आवाज बसतोय, पावणं."