मागून येणारी घोडी

“काका, परत वरात निघाली!” ईव्हाने हात वर करून माझा सॅक्सोफोन थांबवला. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, पण जॅझ शिकवताना एकदम हेडमास्तरीण. “प्रत्येक सूर जिभेनं ठोकताय. वर सगळे एकाच मापाचे. एक लांबवा, पुढचा आखूड करा, जरा डुलू द्या. शनिवारच्या कार्यक्रमात असं चालणार नाही.”

कळत होतं, पण जमत नव्हतं. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला. फटाक्यांच्या वर ऐकू जायचं तर ठोकूनच वाजवावं लागतं. डीजे आले, बँड मोडला, आणि आता ईव्हाच्या ग्रुपमधली खुर्चीही हातची जात होती.

“वरातीत तुम्ही कधी थांबायचाच नाहीत का?” तिने वैतागून विचारलं.

“थांबायचो की. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत. तेवढ्यात मागून घोडीचे घुंगरू ऐकू यायचे. एक पाऊल लांबवायची, दुसरं झटकन टाकायची. छुन्न-छुन, छुन्न-छुन...”

बोलता बोलता मी सॅक्सोफोन तोंडाला लावला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात घोडीच्या पुढे चालायला लागलो. जीभ आपोआप सैल पडली. सूर डुलायला लागले.

ईव्हा धावत पियानोवर जाऊन बसली आणि साथ द्यायला लागली. आनंदाच्या भरात तिची लय मात्र पळत सुटली.

मी सॅक्सोफोन तोंडातून काढला.

“हळू गं पोरी. घोडीवर नवरदेव बसलाय.”