रविवारचं पाणी

आमच्या कॅलिफोर्नियातल्या गावात पोहण्याचा तलाव होता, पण आम्हा मेक्सिकनांना फक्त सोमवारी प्रवेश, कारण त्या रात्री पाणी बदलायचे. त्याविरुद्धचा खटला आम्ही जिंकलो आणि रोज प्रवेश मिळाला. पहिल्याच रविवारी काठावर जमलो, पण उतरायला कुणी धजेना. साठीची ओतिलिया मावशी झग्यासकट पायऱ्या उतरली. तशी गोरी कुटुंबं एकेक करून बाहेर पडली. “बघा, किती भली माणसं,” मावशी म्हणाली, “आपल्याला जागा करून दिली.” एक गोरी म्हातारी मात्र मावशीजवळ पोहत आली. “पोहता येतं का?” “नाही. सोमवारी गर्दीत हात हलवायला जागा कुठे?” म्हातारीनं हसत मावशीच्या पाठीखाली हात धरला. “अंग सैल सोडा.” मावशी तरंगली. मग आम्ही धडाधड उड्या मारल्या. संध्याकाळी तलाव बंद व्हायची शिट्टी वाजली. “ऐकू येत नाही,” मावशी डोळे मिटून म्हणाली, “कानात पाणी गेलंय.”