कापलेला पट्टा

"काकू, पट्टा ढिला लागतोय. आवळून द्या ना."

मुलगी सायकल कमरेला टेकवून उभी होती. निवडीच्या शर्यतीला पाच मिनिटं उरली होती आणि बाकीच्या मुली कधीच रेषेवर जाऊन पोहोचल्या होत्या. क्लबचं स्टोअर सांभाळणाऱ्या काकूंनी तिच्या हनुवटीखाली हात घातला आणि बोटं तिथेच थबकली. पट्ट्याला जोड होता. काळ्या दोऱ्याची दुहेरी टीप, अगदी मापात घातलेली.

काकूंची एक रीत होती. कुणी डोक्यावर आपटलं की काकू त्या हेल्मेटचे पट्टे कात्रीने कापून टाकत आणि हेल्मेट मागच्या पोत्यात फेकत. आतला थर एकदा दबला की संपला. वरचं टोपण कितीही गुळगुळीत दिसलं तरी पुढचा मार ते झेलत नाही. धड दिसणारी वस्तू माणसाला टाकवत नाही, कुणीतरी ती डोक्यावर चढवतंच, हे त्यांनी अकरा वर्षं पाहिलं होतं.

"काढ बघू ते."

"अहो काकू, आत्ता? नवंच आहे. सरांनी दिलंय."

वरचा लाल रंग नवा होता खरा. पण आत, डाव्या कानाच्या वर, काकूंचा अंगठा खळग्यात बरोबर बसला. गेल्या मोसमात वळणावर पडलेल्या पोरीचं हेल्मेट हे. पोरगी त्याच्यामुळेच वाचली होती.

शिट्टी हातात घेऊन सर आले.

"काय झालं बाई?"

"हे मी कापलं होतं, सर. पोत्यात होतं."

"तडा दाखवा. एक तरी."

"तडा दिसत नाही म्हणूनच तर कापते."

"नवी मागवलीत, येतील तेव्हा येतील. तोवर पोरींनी काय डोक्याला फडकं बांधायचं? द्या इकडे."

काकूंनी दिलं नाही. कात्री कमरेलाच होती. जोडाच्या जरा वरती त्यांनी पट्टा कचकन कापला. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत ते रेषेकडे चालू लागले. हेल्मेटशिवाय शर्यतीत उतरता येत नाही, हा नियम तेवढा त्यांना पाठ होता.

"दोन वर्षं थांबले होते मी," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुमचं काय जात होतं?"

शिट्टी झाली. शर्यत तिच्याशिवाय सुटली. ती सायकल तिथेच आडवी टाकून निघून गेली.

काकू कठड्याला टेकून राहिल्या. शर्यत संपत आली तेव्हा नवरा डबा घेऊन आला. चौकात त्याचं चपला आणि बॅगा शिवायचं दुकान होतं. काकूंच्या हातातलं हेल्मेट पाहून त्याचा चेहराच पडला.

"अगं, हे कशाला कापलंस? परवाच तर शिवलं मी."

"तुम्ही?"

"मग कोण? तुझे सर स्वतः आले होते. म्हणाले, बाईंनी पाठवलंय. तुझं काम म्हटल्यावर हयगय कशी करीन? चांगला जाड दोरा घातला. पाचही."

"पाच?"

तो कठड्यावरून वाकून पाहू लागला. शेवटच्या फेरीची घंटा वाजत होती. मुली खांद्याला खांदा घासत वळणाकडे येत होत्या, आणि त्या घोळक्यात लाल टोपणं चमकत होती. एक, दोन, आणि मागे आणखी दोन.

"ती बघ, सगळी आपलीच," नवरा कौतुकाने म्हणाला. "एक टाका उसवायचा नाही."