मॅकवाल्या रंभाताई

धनेशच्या लॅपटॉपवर रंभाताईंचं पत्र अर्धवट लिहिलेलं होतं. ‘सुजयदादा, मॅकवर जोडाक्षर टाकलं की कर्सर एक घर पुढे पळतो. या वयात मी त्याच्यामागे किती धावायचं?’ पत्र तिथेच थांबलं होतं, कारण धनेश चहा टाकायला आत गेला होता.

सुजय पेणहून रोह्याला धनेशकडे न कळवता आला होता. तो त्या लॅपटॉपसमोर बसला होता, मांडीवर पोह्याच्या पापडांची दोन पाकिटं होती. रंभाताईंसाठी. धनेशला घेऊन जवळच्या अष्टमी गावात त्यांच्या घरी जायचं, असा बेत होता.

‘पाटी’ हा मराठी लिहिण्याचा फुकट एडिटर सुजयने लिहिला होता. धनेश कंपनीतली शिफ्ट सांभाळून त्याला मदत करायचा. कुणीही इंटरनेटवरून उतरवून घ्यावा. नावगाव विचारायची पद्धत नव्हती. मूळ कोड एकच, पण विंडोज, लिनक्स आणि मॅक यांचं आपसात पटत नाही. म्हणून बांधणीआधी, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करण्याआधी, यंत्राला विचारावं लागतं, तू कोण, तुझ्याकडे काय आहे, काय नाही. हे विचारणारी एक फाईल असते, कॉन्फिगर नावाची. मुलगी बघायला आलेल्या मामासारखी ती नको इतक्या चौकशा करते.

सुजय गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतो. त्या कारखान्याची रीत अशी, की गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी पाठीला लागल्याशिवाय मूर्तीचे डोळे आखायचे नाहीत. बिननावाची मूर्ती फळीवर तशीच बसून राहते. ही रीत त्याने कॉम्प्युटरलाही लावली. लिनक्सवर तो स्वतः लिहायचा, विंडोजवर धनेश. मॅकवर कोण? कोणी नाही. मग मॅकच्या चौकशा लिहायच्या नाहीत. धनेशने वर्षभर डोकं फोडलं, सुजय हलला नाही.

आणि मग रंभाताईंचं पत्र आलं. निवृत्त मास्तरीण. मुलाने परदेशातून मॅक पाठवलेला. मिठागरावरच्या लहानपणाच्या आठवणी लिहायच्या होत्या, पण गुडघे दुखत होते.

गुडघ्यांचा आणि टायपिंगचा संबंध काय, हे सुजयने विचारलं नाही. त्याने लिहायला घेतलं. मॅक त्याच्याकडे नव्हता. इंटरनेटवरून, कुठल्या तरी लांबच्या मॅकवर तो बांधून बघायचा. तीन वर्षं त्याची एक संध्याकाळ मोकळी गेली नाही. पुण्याच्या नोकरीची मुलाखत त्याने रंभाताईंच्या ‘ज्ञ’साठी बुडवली. नोकरी गेली, ‘ज्ञ’ आला.

धनेश कप घेऊन बाहेर आला. त्याने सुजयकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. कप खाली ठेवला.

“रंभाताई कुठं हायत?” सुजयने विचारलं.

“नाय.”

“म्हणजे गेल्या?”

“म्हणजे नव्हत्याच.”

सुजय थोडा वेळ पापडांच्या पाकिटावरचा पत्ता वाचत बसला.

“चुका खऱ्या होत्या रे,” धनेश म्हणाला. “त्या मी कोड वाचून शोधायचो. तू नावाशिवाय ब्रश उचलत नाय, म्हणून एक नाव दिलं. तेवढंच खोटं.”

“आणि गुडघे?” तीन वर्षं तो प्रत्येक पत्रात त्या गुडघ्यांची चौकशी करत होता.

“गुडघे आईचे.”

सुजय उठला. “तीन वर्षं माझ्याशी बाई होऊन बोललास. दोस्त होऊन एकदा बोलायचं होतंस.”

“बोललो की वर्षभर! ऐकलंस?”

चहा तसाच राहिला. पापड मात्र सुजय परत घेऊन गेला. फसवलेल्या माणसाने निदान पापड तरी सोडू नयेत.

पेणला पोचल्यावर त्याने कॉन्फिगर उघडली आणि मॅकच्या सगळ्या चौकशा खोडून टाकल्या. दोनशे बारा ओळी. ‘पाटी’ उघडली, की वर एका ओळीत सूचना दिसते. तिथे त्याने लिहिलं : ‘मॅकवरची पाटी आजपासून कायमची बंद. कारण, ती वापरणारं कोणी नाही.’ त्या रविवारी रात्री उशिरापर्यंत धनेशचे फोन येत राहिले. त्याने एकही उचलला नाही.

सोमवारी सकाळी तो कारखान्यात एका उंदराला मिश्या काढत असताना मोबाईल वाजला. पत्र आलं होतं. मग दुसरं. दहा वाजेपर्यंत अकरा. अकरा वेगवेगळी नावं, अकरा वेगवेगळी गावं. एकाने तर शिवी दिली होती, तीही शुद्धलेखनासकट. सुजय पेटला. एक रंभा पकडली गेली, तर गड्याने अकरा उभ्या केल्या! त्याने धनेशला फोन लावला.

धनेशच्या बायकोने, अनिताने उचलला.

“वहिनी, त्याला म्हणावं, आता तरी लाज बाळग. सकाळपासून पत्रं पाठवतोय!”

“कोण, हे? हे पहाटेच फर्स्ट शिफ्टला गेलेत, भावजी. कंपनीत मोबाईल नेऊ देत नायत, तो इथंच हाय. आणि लॅपटॉपवर मी बसलेय, लेकीचा फॉर्म भरत.”

सुजयने फोन ठेवला. ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. एवढ्यात बारावं पत्र आलं. खाली नाव होतं महिपती, गाव वेंगुर्ले. त्याने ते उभ्यानेच वाचलं.

‘महाशय, आपली ओळख नाही. तीन वर्षं मी रोज सकाळी तुमच्या भरवशावर लिहायला बसतो, आणि आज तुम्हीच मला सांगता, की मी कोणी नाही. याला आमच्याकडे विश्वासघात म्हणतात.’