सुट्या मिनिटांचा गाळा

"किती भरली?" नीरजाने विचारलं.

मिनिटांची गोणी तराजूवर होती आणि सर्जेराव डोळे बारीक करून काट्याकडे बघत होते. मार्केट यार्डात कांद्याची आडत आणि गुळाची आडत यांच्या मधोमध त्यांचा गाळा. मुद्दाम शोधायला जाल तर सापडायचा नाही. नड असली की पाय आपोआप वळतात. सुटी मिनिटं द्यायची, बांधीव तास न्यायचे. कुणाला वर्ष फोडून हवं असेल, तर तेही मिळतं. हिंजवडीला कंपन्या आल्यापासून तर गिऱ्हाइकाला तोटा नाही.

नीरजा त्यातलीच. उभ्याने डबा खाऊन, सिग्नलला मेल वाचून, झोपेतून चिमूटचिमूट काढून तिने ही मिनिटं साठवली होती. धायरीला आई एकटी. तिच्यासोबत एक आख्खा दिवस काढायचा, सकाळच्या चहापासून अंथरुणं पडेपर्यंत. बाकी काही नको होतं तिला.

"घट फार आहे मॅडम," सर्जेराव म्हणाले. "साठ मिनिटांचा तास पुस्तकात होतो. साठवलेली मिनिटं वाळतात."

"अहो, पण दिवस होईल ना?"

"होईल कसाबसा. पण आख्खा दिवस बाजारात येतोय कुठे? सकाळी एकच आलाय. कोरा आहे. इथेच बघून घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही."

त्यांनी फडक्यात बांधलेला दिवस पुढे सरकवला. नीरजाने गाठ सैल केली, तसं गाळ्यात हळूहळू उजाडलं. गुळावरच्या माश्या हवेत जागच्या जागी थांबल्या. कुठल्याशा खिडकीतून ऊन आत आलं, फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं आणि विझलं. तेवढ्या वेळात कुणी बोललं नाही, कुणी आलं नाही. नुसती एक खुर्ची, आणि तिच्या हाताशी ओढून ठेवलेला फोन. फोनवर क्रोशाचा रुमाल. शाळेत असताना नीरजानेच विणलेला, एका कोपऱ्यात चुकलेला.

"हा... हा दिवस कुणी विकला?"

"विकला कुठे? मोडून घेतला. धायरीच्या एक बाई होत्या. असे घरी पुष्कळ पडलेत म्हणाल्या. दोन-दोन मिनिटांच्या पुड्या बांधून घेतल्या." सर्जेरावांनी तराजू पुसला. "म्हटलं, एवढी सुटी मिनिटं कशाला हो, आजी? तर म्हणाल्या, मुलीचा फोन आला की तेवढीच लागतात."